रानहळद: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

आधी तक्रार. रानहळदीच्या कंदांबरोबर रोपवाटिकेने दिलेल्या चिठ्ठीवर 'सावली, रोज पाणी' एवढंच छापलेलं होतं. त्या 'रोज'पायी पहिल्या वर्षी तीनपैकी दोन कंद गेले. पानं वाळून कुंडी रिकामी दिसायला लागली, तरी शेजारच्या नेच्याबरोबर तिलाही पाणी मिळत राहिलं. मेमध्ये उकरलं तर कंद बोटाने दाबताच मऊ चिखलासारखा बसला, वर आंबूस वास. सह्याद्रीत ही वनस्पती पाऊस संपला की पानं टाकून जमिनीत निजते आणि पुढचा पाऊस येईपर्यंत तशीच राहते. पानं नसताना पाणी ओढायला कोणी नसतं; माती ओली राहते आणि कंद सडतो. चिठ्ठीवर हे एक वाक्य हवंच होतं.

घेताना फूल बघून घ्या. थायलंडकडची गुलाबी शोभेची हळदही याच नावाने हातात ठेवतात. तिचा तुरा लांब दांड्यावर असतो, पानं अरुंद. रानहळदीच्या तुऱ्यात खाली हिरव्या वाट्या, शेंड्याला गुलाबी-जांभळा झुबका आणि वाट्यांमधून डोकावणारी पिवळीधमक फुलं. एकेक फूल लवकर मावळतं, पण झुबका कितीतरी दिवस टिकतो. पाऊस पडून गेल्यावर त्या वाट्यांत पाणी साचतं, त्यात पिवळी पाकळी अर्धी बुडालेली दिसते. एवढ्यासाठी सगळी खटपट मान्य आहे.

सावलीबद्दल मत बदललं. पहिल्या वर्षी पूर्ण सावलीत पानं भरघोस आली, तुरा एकच. दुसऱ्या वर्षी उरलेला कंद सकाळचं दोन तास ऊन येईल अशा जागी हलवला, तर तीन तुरे आले. दुपारच्या उन्हात मात्र पानांच्या कडा करपतात.

कुंडी १२ इंची, तळाला बोटभर रुंद तीन भोकं, खाली ताटली नाही. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग विटांचे बारीक तुकडे. नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नको, पावसाळ्यात निथळतच नाही. कंद दोन इंच खोल, वर वाळक्या पानांचा थर. पावसाच्या सुरुवातीचा तुरा पानांशेजारून थेट मातीतून निघतो, म्हणून जूनमध्ये खुरपणी नकोच. नंतरचे तुरे पानांच्या मधून येतात.

गोगलगायी कोवळे कोंब एका रात्रीत फस्त करतात. टॉर्च घेऊन वेचणं हाच खात्रीचा उपाय. मधलं पान सुकलं आणि खोडावर भुसा असलेलं भोक दिसलं की खोडकिडा समजा. तो कोंब भोकाच्या खालून कापून नष्ट करा.

वाढवायची असेल तर मेमध्ये कंद वेगळे करा. मुळांना लोंबणाऱ्या गाठी साठ्याच्या असतात, त्यांना डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, नसतो. नुसत्या लावल्या तर काहीच उगवत नाही. प्रत्येक तुकड्याला एक डोळा आणि दोन-तीन गाठी हव्यात. रानातून उपटून आणू नका. अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते निषिद्धच आहे.

यंदा पानं पिवळी पडायला लागताच पाणी कमी केलं, वाळल्यावर पूर्ण बंद. कुंडी पागोळीपासून दूर, सावलीत जमिनीवर ठेवली आहे, म्हणजे उन्हाळ्यात माती तापत नाही. तीत काडी खोचून 'पाणी नको' असं लिहून ठेवलंय. घरातलं दुसरं कोणी पाणी घालायला गेलं तर ते आधी दिसतं.