‘नॉन-करोझिव्ह’ म्हणून गळ्यात मारलेली काडतुसे

जुना लष्करी माल परवानाधारकांच्या गळ्यात कसा मारला जातो, हे रायफल बाळगणाऱ्या बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. मलाही ते ठाऊक होते, आणि तरीही माझे १८,६०० रुपये गेले. साठ काडतुसे, प्रत्येकी ३१० रुपये. त्यानंतर नळीच्या कामाला ४,५०० रुपये लागले, म्हणजे एकूण २३,१०० झाले. वडिलांकडून वारसाहक्काने परवान्यावर आलेल्या .३०-०६ (हे काडतुसाचे माप) स्पोर्टिंग रायफलीच्या नळीत जे कायमचे खड्डे पडले, त्यांची किंमत यात धरलेलीच नाही.

विक्रेता बाहेरगावचा, परवानाधारक आणि बोलण्यात अत्यंत गोड. काडतुसे अमेरिकन बनावटीची असून एका दिवंगत परवानाधारकाच्या साठ्यातून रीतसर आली आहेत, असे त्याने सांगितले. ती ‘नॉन-करोझिव्ह’, म्हणजे नळीला गंज न आणणारी, असल्याचे त्याने तीन पुरावे दिले आणि तिन्ही ऐकायला शास्त्रशुद्ध होते. पहिला पुरावा असा की रिकाम्या पुंगळीच्या बुडात एकच छिद्र दिसते, म्हणजे प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी) बॉक्सर पद्धतीचा आहे, आणि बॉक्सर म्हणजे नॉन-करोझिव्ह. हे साफ खोटे आहे, कारण छिद्रे एक की दोन यावरून प्रायमर कसा बसवला आहे एवढेच कळते, त्यात कोणते रसायन भरले आहे ते कळत नाही. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन .३०-०६ काडतुसे बॉक्सरच होती आणि गंज आणणारीही होती. दुसरा पुरावा, युद्धकाळातील अमेरिकन माल नॉन-करोझिव्हच असे. हे खरे आहे, पण फक्त एम-१ कार्बाइन या हलक्या लष्करी बंदुकीच्या लहान काडतुसांबाबत. अर्धसत्य कसे विकावे हे या गृहस्थाकडून शिकावे. तिसरा, गोळीला चुंबक चिकटत नाही. गोळीत पोलाद आहे की नाही हे चुंबक सांगतो. प्रायमरशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

ज्या क्षणाची आठवण आजही झोप उडवते, तो यानंतर आला. मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यांवर लॉट क्रमांक, म्हणजे एकत्र बनवलेल्या मालाचा क्रमांक, छापलेला होता. ‘हा कुजका पुठ्ठा कशाला नेता साहेब’ असे म्हणत त्याने ती खोकी स्वतःच फाडली आणि काडतुसे एका प्लास्टिकच्या डब्यात ओतली. एक काडतूस उचलून मी बूड पाहिले, तर त्यावर ‘एफ ए ४३’ असा शिक्का होता. मी विचारलेही, आणि त्याने डोळ्याची पापणीही न हलवता उत्तर दिले, ‘त्रेचाळीस हा लॉट नंबर आहे.’ एफ ए म्हणजे फिलाडेल्फियाचा फ्रँकफर्ड कारखाना आणि ४३ म्हणजे १९४३ साल. अमेरिकेने .३०-०६ चे प्रायमर बदलून गंज न आणणारे केले ते १९५० नंतरच्या काही वर्षांत, तेही प्रत्येक कारखान्यात वेगवेगळ्या वेळी. त्यामुळे १९५१-५२ च्या मालाबाबत लॉट पाहावा लागतो, पण १९४३ च्या मालाबाबत शंकेला जागाच नाही. सरकारी परवाना भिंतीवर लावलेल्या, पावती देणाऱ्या दुकानदारावर सामान्य माणसाने विश्वास ठेवायचा नाही, तर कुणावर ठेवायचा?

मी रायफल साफ केली नाही, असा आरोप त्याने नंतर केला. रेंजवरून आल्यावर मी त्याच संध्याकाळी नेहमीच्या सॉल्व्हंटने नळी पुसली आणि तेल लावले. दिवस पावसाळ्याचे होते. पुढच्या वेळी पुलथ्रू (नळीतून चिंधी ओढायची दोरी) ओढला, तेव्हा चिंधी गेरूत बुडवल्यासारखी बाहेर आली. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असते, ते जळाले की पोटॅशियम क्लोराइड हा क्षार नळीत उरतो, आणि तो हवेतील ओल ओढून घेतो. तेलात हा क्षार विरघळत नाही. उलट तेलाच्या थराखाली तो आपले काम चालूच ठेवतो. त्याला पाणीच लागते, शक्यतो उकळते, आणि मगच कोरडी चिंधी व तेल. अमोनियाचा स्प्रे मारला की पुरते, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात अमोनिया तांब्याचा थर काढतो आणि क्षार जातो तो त्या स्प्रेमधील पाण्याने.

देवळाली कॅम्पमधील एका निवृत्त आर्मररकाकांनी (आर्मरर म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा) मला जी चाचणी समजावली, ती खरेदीपूर्वी कुणी सांगितली असती तर! जाणकाराने गोळी आणि दारू काढून टाकायची, उरलेला प्रायमर घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पट्टीवर उडवायचा आणि पट्टी दमट हवेत ठेवून ती गंजते का ते पाहायचे. शेजारी नव्या, खात्रीच्या काडतुसाची पट्टी तुलनेला हवीच. हा उद्योग घरी स्वतः करू नये.

तक्रारीची कथा तर याहून संतापजनक आहे. पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, ‘काडतूस उडाले ना? मग फसवणूक कुठे झाली?’ मी भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ चा उल्लेख केला, तेव्हा त्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. आणि गुन्हा नोंदल्याशिवाय काडतुसे प्रयोगशाळेकडे पाठवता येणार नाहीत, हेही त्यांनीच सांगितले. परवान्याचे काम पाहणाऱ्या कार्यालयाने अर्ज घेण्याऐवजी, युद्धकाळातील काडतुसे तुमच्याकडे आली कशी, याचा लेखी खुलासा माझ्याकडूनच मागितला. पावती दाखवली, तर म्हणे तीवर ‘आयात काडतुसे’ एवढेच लिहिले आहे. विकणारा मोकळा, आणि घेणारा खुलासे देत खिडक्या झिजवतो आहे! टेबलापलीकडच्या एकालाही प्रायमर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती.

म्हणून ‘नॉन-करोझिव्ह’ हा शब्द, लॉट क्रमांक आणि बुडावरचा शिक्का पावतीवर लिहून घ्या. विक्रेता नकार देत असेल, तर दुकानाबाहेर पडा. मूळ खोके सोडू नका. मात्र खोक्यावरचा मजकूर आणि बुडावरचे साल जुळत नसेल, तर साल खरे माना, कारण खोकी बदलता येतात. नोंद परवान्यावर चढण्यापूर्वीच तपासा. चढल्यानंतर माल परत घेत नाही, असे मला तोंडावर सांगण्यात आले. उरलेली काडतुसे माझ्या वार्षिक मर्यादेत मोजली गेली असल्यामुळे यंदा चांगली घेण्यालाही जागा उरलेली नाही. वकिलामार्फत पाठवलेल्या नोटिशीची पोच आली आहे, उत्तर अजून आलेले नाही.