मॅस्टोडॉन की ब्लूस्काय?

ट्विटरला कंटाळलेल्या भाचीचा प्रश्न: मामा, ट्विटरसारख्या या दोन समाजमाध्यमांपैकी कुठे जाऊ?

खर्च दोन्हीकडे शून्य. मॅस्टोडॉन मात्र एका कंपनीचं नाही, ते एकमेकांशी जोडलेल्या अनेक सर्व्हरांचं जाळं आहे, आणि सर्व्हर चालवणारा बहुधा कुणी हौशी माणूस असतो. त्याला चार पैसे देणं शोभून दिसतं.

सुरुवात ब्लूस्कायवर सोपी. मॅस्टोडॉनवर आधी सर्व्हर निवडा, इथेच निम्मे लोक परत फिरतात. नोव्हेंबर 2019 मध्ये वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर कितीतरी भारतीय रागाने मॅस्टोडॉनवर गेले. मीही गेलो. महिन्याभरात सगळे गुपचूप घरी.

टिकाऊपणाचं गणित गुंतागुंतीचं. मॅस्टोडॉनचा सर्व्हर बदलला तर अनुयायी सोबत येतात, जुन्या पोस्ट मागेच राहतात. ब्लूस्कायच्या रचनेत पोस्टही हलवता येतात. पण बहुतेकांची खाती अजून ब्लूस्काय कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत, म्हणजे विकेंद्रीकरण (सगळं कुणा एकाच्या हाती नसणं) बरंचसं कागदावरच. खासगी संदेश दोन्हीकडे चालकांना वाचता येऊ शकतात, तेव्हा गुपितं नकोतच.

बातम्या, गप्पा हव्या तर ब्लूस्काय. छोटा, स्वतःच्या नियमांचा कट्टा चालवायचा आणि देखभालीचा कंटाळा नसेल, तर मॅस्टोडॉन. भाचीने ब्लूस्काय घेतलं. ट्विटरचं खातं अजून आहेच!