कोलारा रस्त्यावरचे दुकान आणि त्यांचा भागीदारीचा प्रस्ताव

चिमूरहून ताडोबाच्या कोलारा प्रवेशद्वाराकडे जाताना वडील, मुलगा आणि सून मिळून चालवीत असलेले एक दुकान लागते. पुढच्या भागात दुर्बिणी, पाठपिशव्या, बॅटऱ्या, रेनकोट. मागच्या खोलीत त्यांचे स्वतःचे छोटे प्रकाशन. या दिवाळीनंतर त्यांनी नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या हाती चार पानांचे निवेदन देऊन दोन लाखांपासून पुढे भांडवल मागितले आहे. सहा वर्षांचा गिऱ्हाईक म्हणून ते मलाही मिळाले.

दुकानाविषयी माझी तक्रार जवळजवळ नाही. मी महागडी 10×42 (दहापट मोठे दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण घ्यायला निघालो होतो, तेव्हा मुलाने दिवेलागणीला मला मागच्या बांधावर नेऊन तिच्याशेजारी 8×42 धरायला लावली. बेचाळीस मिलिमीटरच्या भिंगाला आठाने भागले की डोळ्यात येणारा प्रकाशझोत 5.25 मिलिमीटरचा भरतो, दहाने भागले तर 4.2 चा, पाणवठ्यावरची संधिप्रकाशातली हालचाल पाहायची तर हा फरक मोलाचा ठरतो, हे त्याने स्वतःचा नफा कमी करून समजावले. त्यांच्या वृक्षपुस्तिकेत ऐनापुढे ‘येन’ आणि टेंभुर्णीपुढे ‘टेंभरं’ अशी आपल्याकडची नावे छापली आहेत, म्हणून ती आमच्याकडच्या गुराख्यालाही दाखवता येते. पहिल्या आवृत्तीची नुसत्या गोंदाची बांधणी माझ्याकडे एका पावसातच सुटली. दुसरी, दोऱ्याने शिवलेली प्रत मात्र पैसे न घेता मिळाली.

निवेदनाची गोष्ट वेगळी आहे. त्यात तीन वर्षांच्या विक्रीचा एकच एकत्रित आकडा दिला आहे, आणि दुकानाने किती मिळवले व पुस्तकांनी किती अडकवून ठेवले हे त्यावरून कळण्यास काहीही मार्ग नाही. वास्तविक हे दोन धंदे पैशाच्या चालीने एकमेकांसारखे नाहीत. ताडोबाचे गाभाक्षेत्र 1 जुलैपासून 30 सप्टेंबरपर्यंत पर्यटकांसाठी बंद असते. त्या तीन महिन्यांत दुर्बिणी पडून राहतात, पण रेनकोट पेरणीच्या दिवसांत शेतकरीही नेतात, म्हणजे दुकानातला पैसा वर्षभरात फिरून येतो. पुस्तकाची आवृत्ती एकदा छापली की रक्कम कित्येक वर्षे गठ्ठ्यांत बसते. शिवाय छापील पुस्तकांवर जीएसटी नसल्याने कागद आणि छपाईवर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. पिशव्या-दुर्बिणींच्या खरेदीवरचा कर विक्रीच्या करातून वळता होतो. दोन्ही हिशेब एकाच वहीत ठेवल्यावर कोणाचा तोटा कोण भरून काढतो हे बहुधा घरच्यांनाही दिसत नसावे.

त्याहून खटकणारी बाब म्हणजे निवेदनात ‘भागीदार’ हा शब्द वापरून दरसाल ठरावीक बारा टक्के परताव्याची हमी दिली आहे. नफा होवो वा तोटा, ठरलेले पैसे मिळणार असतील तर व्यवहाराने ते कर्ज झाले, आणि अशी रक्कम नातेवाइकांबाहेरच्या लोकांकडून ठेवीसारखी गोळा केली तर अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा 2019 चा कायदा आडवा येऊ शकतो. उलट, खरोखरच भागीदार करून घ्यायचे असेल तर 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे संस्थेच्या देण्यासाठी भागीदाराची खासगी मालमत्ताही जबाबदार धरली जाते, म्हणजे दोन लाखांपायी माझी पाच एकर जमीन पणाला लागणार. 2008 च्या कायद्याखालील मर्यादित दायित्वाची भागीदारी नोंदवली तर हा धोका गुंतवलेल्या रकमेपुरता राहतो. खर्च आणि कागदपत्रे वाढतील हे खरे, पण चिमूरचा कोणताही सनदी लेखापाल हेच सांगेल असे मला वाटते.

हे सारे मी काउंटरवर बसून वडिलांना सांगितले. त्यांना ते आवडले नाही. सूनबाईंनी मात्र वही काढून पुस्तकांची शिल्लक मोजायला सुरुवात केली. मार्चअखेरचे वेगवेगळे ताळेबंद आल्यावर मी पुन्हा विचार करीन. तोपर्यंत गावच्या शाळेसाठी वृक्षपुस्तिकेच्या पंचवीस प्रती रोखीने घेतल्या आहेत.