टाइमलाइन लॅग मारतेय: प्रॉक्सी बनवावी की रेंडर कॅशवर भागवावं?

नवीन लॅपटॉप घेण्याचा पर्याय इथे बाजूला ठेवतो. लग्नाचे, प्री-वेडिंगचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला हाताशी आहे त्याच मशीनवर सीझन काढायचा असतो. मग प्रश्न उरतो तो प्रॉक्सी (एडिटपुरती बनवलेली मूळ फुटेजची हलकी प्रत) की रेंडर कॅश (टाइमलाइनचा भाग आधीच रेंडर करून ठेवणं), एवढाच. मी दोन्ही वापरतो.

प्लेबॅक रिझोल्यूशन अर्धं-पाव करून तुम्ही पाहिलंच असेल. एच.२६५ या घट्ट दाबून साठवणाऱ्या फॉरमॅटच्या फुटेजवर त्याने फारसा फरक पडत नाही. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, मागच्यापुढच्या फ्रेमवरून ती उलगडावी लागते. प्रिव्ह्यू छोटा केला तरी उलगडण्याचं काम तेवढंच. त्यातून फुटेज १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणारं) असेल तर आणखी पंचाईत: एनव्हिडियाची कार्डं आरटीएक्स ५० मालिकेच्या आधी ते हार्डवेअरवर उलगडतच नव्हती, उलट इंटेलच्या ११व्या पिढीपासूनची अंगभूत ग्राफिक्स ते करतात. म्हणून भारी कार्ड आहे या भरवशावर अंगभूत ग्राफिक्स बंद करून ठेवू नका.

रेंडर कॅशचं चांगलं म्हणजे तयारी काही नाही. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एंटर दाबा, टाइमलाइनच्या वरची लाल रेषा हिरवी होते. रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती निळी होते. नॉइज रिडक्शनसारख्या (चित्रातले दाणे घालवणाऱ्या) जड इफेक्टला खरा उपाय कॅशच आहे. दोन मिनिटांची रील करायची असेल तर प्रॉक्सीच्या भानगडीत पडायची गरज नाही, असं मला वाटतं.

माझा कौल फिरला तो मात्र घरचे लोक शेजारी बसायला लागल्यावर. गंगापूर रोडच्या एखाद्या लॉन्सवरचं संगीत, तीन कॅमेरे, मल्टिकॅम टाइमलाइन. नवरीची आत्या म्हणते, "दादा, इथे मामांचा नाच जरा वाढवा ना." अँगल बदलला, कट थोडा पुढे सरकवला, की ज्या भागाला हात लावला तिथली रेषा पुन्हा लाल. पुन्हा एंटर, पुन्हा ती टक्केवारीची पट्टी. सगळे स्क्रीनकडे बघत बसतात, कुणीतरी मोबाइल काढतं, आणि रेंडर होईपर्यंत आत्यांना आधीचा कट कसा होता तेच आठवत नाही. मग "आधीचंच बरं होतं का?" आणि परत तेच. कॅश फक्त झालेलं काम सुरळीत दाखवते. बदल करत असतानाच ती साथ सोडते, आणि लग्नाच्या एडिटमध्ये बदलच जास्त असतात.

प्रॉक्सीचा त्रास सुरुवातीला एकदाच. रात्री चार्जर लावून रांगेत टाकून द्यायच्या. बॅटरीवर बरेच लॅपटॉप वेग आपोआप कमी करतात. एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या दुपारी मशीन इतकं तापतं की तेच काम कितीतरी लांबतं, असा माझा तरी अनुभव आहे. जागा लागते हे खरं: सेकंदाला २५ फ्रेमच्या फुल एचडी प्रॉक्सीला, प्रोरेस या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये, तासाला साधारण १७ जीबी. पण त्यातली प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे आत्यांनी कुठेही बोट दाखवलं तरी प्लेहेड तिथे जाऊन लगेच चालू लागतो. तिन्ही अँगलसुद्धा एकत्र चालतात. ही मोकळीक एकदा मिळाली की कॅशकडे परत जाववत नाही.

प्रॉक्सीतही खोचा आहेत. ऑडिओ चॅनलची संख्या मूळ फाइलशी जुळली नाही तर प्रीमियर ती जोडूनच घेत नाही. वार्प स्टॅबिलायझर (हलणारा शॉट स्थिर करणारा इफेक्ट) प्रॉक्सी बंद करून लावा, नाहीतर एक्सपोर्टला गडबड होऊ शकते. फोकस तपासतानाही मूळ फुटेजच बघा. आणि पाहुण्यांनी पाठवलेले मोबाइलचे व्हिडिओ बऱ्याचदा बदलत्या फ्रेमरेटचे असतात. ते आधी ठरावीक फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या, नाहीतर मंगलाष्टकांचा आवाज हळूहळू ओठांच्या पुढेमागे सरकतो.

फक्त रील आणि छोट्या जाहिराती करत असाल तर कॅश पुरेल. पूर्ण लग्न, मल्टिकॅम आणि शेजारी बसणारे क्लायंट असतील, तर मी प्रॉक्सीच बनवीन. कॅश ठेवीन ती कट लॉक झाल्यावर, म्हणजे आता बदल नाहीत असं ठरल्यावर, कलर आणि नॉइजच्या कामापुरती.