एम.एस्सी.ला भूगोल की पर्यावरणशास्त्र?

अभ्यासक्रम वाचून या दोन विभागांतला फरक कळत नाही. जीआयएस (संगणकावरचं नकाशाकाम) दोन्हीकडे, हवामानबदल दोन्हीकडे, सेमिनार आणि डेझर्टेशनही (शेवटचा संशोधन प्रबंध) दोन्हीकडे. मुलं आणि सर फील्डवर निघाले की फरक दिसायला लागतो. पुण्याकडचंच बघू.

भूगोलवाले निघोजला जातात. कुकडी नदीच्या पात्रात बेसाल्ट खडकातले रांजणखळगे मोजायचे: तोंडाचा व्यास, खोली, तळाला अडकलेले गोटे. हे गोटेच भोवऱ्यात गरगरत खडक कोरतात, हे वर्गात दहादा ऐकलेलं असतं. आत हात घालून गुळगुळीत भिंत चाचपली की पटतं. कोकणात गेलात तर हरिहरेश्वरचा तरंगघर्षित मंच, म्हणजे लाटांनी झिजवलेला सपाट खडक. त्याआधी विभागात 1:50,000 च्या टोपोशीटवर (स्थलदर्शक नकाशावर) समोच्च रेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषांवरून, छेद काढायचे आणि मैदानात डंपी लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, लावायची. एक जण रीडिंग घेतो, एक लिहितो, तिसरा उन्हात स्टाफ, म्हणजे उंच मोजपट्टी, धरून उभा. तिसरा कोण, हे सांगायला नको. नव्याने आलात तर तुम्हीच.

पर्यावरणवाले मुळा-मुठेवर जातात आणि लगेच परततात, कारण त्यांचं खरं काम लॅबमध्ये असतं. काठावर 300 मिलीची बाटली बुडबुडा राहू न देता भरायची, तिथेच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालून ऑक्सिजन फिक्स करायचा, म्हणजे आहे तेवढाच बांधून ठेवायचा. तपकिरी साका आला तर पाण्यात ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर नदीची अवस्था लॅबमधल्या टायट्रेशनआधीच (रसायन थेंबथेंब घालून मोजण्याआधीच) कळली. बीओडीची (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मोजणीची) बाटली इन्क्युबेटरमध्ये 20 अंशांवर पाच दिवस, नाहीतर आपल्या भारतीय मानकाप्रमाणे 27 अंशांवर तीन दिवस. गुरुवारी सॅम्पल घेतलं तर रविवारी लॅब उघडा! बारावीनंतर केमिस्ट्री सुटली म्हणून ज्यांनी सुटकेचा श्वास टाकला, त्यांनी इकडे फिरकू नये.

कार्यक्रमांत भूगोलाला कॅलेंडर साथ देतं. 14 जानेवारीचा भूगोल दिन, म्हणजे भूगोलतज्ज्ञ प्रा. सी. डी. देशपांडे यांचा जन्मदिवस, ऐन सत्रात येतो. व्याख्यानं, नकाशांची प्रदर्शनं होतात. पर्यावरणवाल्यांचा दिवस 5 जूनचा, जागतिक पर्यावरण दिन; तेव्हा मुलं सुट्टीवर आणि पाऊस अजून वेशीबाहेर. त्या दिवशी लावलेल्या रोपांना पुढे पाणी कोण घालतं, एवढंच मी विभाग बघताना विचारतो.

प्राध्यापक काय करतात, हेही बघा. महापालिकांना पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढावा लागतो, 2006 च्या अधिसूचनेमुळे मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करून घ्यावा लागतो. अशी कामं घेणाऱ्या सरांकडे डेझर्टेशन केलंत तर सल्लागार कंपन्यांत शिरायला ओळख आणि अनुभव दोन्ही मिळतात. मात्र या कामांत भूवापराचे नकाशे लागतातच, त्यामुळे जीआयएस पक्कं असलेला भूगोलवालाही तिथे खपतो. उलट घडणं अवघड.

नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, दोन्ही विषयांत देता येते. यूपीएससीला मात्र भूगोल वैकल्पिक विषय आहे, पर्यावरणशास्त्र नाही. स्पर्धा परीक्षा डोक्यात असेल तर माझं मत सरळ भूगोलाला. सांडपाणी प्रकल्प, कारखान्यांतली लॅब, प्रदूषण नियंत्रण या वाटेने जायचं तर पर्यावरणशास्त्र. प्रवेशाची अट आधी तपासा: बी.ए. झालेल्यांना भूगोलात साधारणपणे एम.ए.ची वाट असते, पर्यावरणशास्त्राला बहुधा विज्ञानाची पदवी लागते.

फी भरण्यापूर्वी दोन्ही विभागांत जाऊन मागच्या बॅचच्या डेझर्टेशनची यादी मागा आणि फील्डचा खर्च कोण करतं, हे सरांना नाही, मुलांना विचारा.