डिझर्टेशनला ‘मदत’ घेतली आणि ५० हजार गेले

इंग्लंडमध्ये आयआरचं (इंटरनॅशनल रिलेशन्स, आंतरराष्ट्रीय संबंध) मास्टर्स करत असाल आणि सध्या डिझर्टेशन चालू असेल तर प्लीज हे पूर्ण वाचा. मी कुणाला सांगणार नव्हते, पण परवा एका ज्युनिअर मुलीने तिला आलेला मेसेज दाखवला आणि राहवलं नाही.

माझा विषय होता श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर आणि चीनचं कर्ज. १५ हजार शब्द, सप्टेंबरमध्ये सबमिशन. जुलै सगळा पार्टटाइम शिफ्टमध्ये गेला, सुपरवायझर मॅडम सुट्टीवर, लिटरेचर रिव्ह्यू अडकलेला, आणि अशात व्हॉट्सअ‍ॅपवर चक्क मराठीत मेसेज, ‘ताई टेन्शन घेऊ नका, आपल्या बऱ्याच मुलांचं केलंय, फक्त गायडन्स आणि एडिटिंग.’ घरापासून एवढ्या लांब कुणी ताई म्हटलं की विश्वास बसतोच. ६० हजार ठरले, ३० आधी, बाबांनी यूपीआयने पाठवले. त्यांना मी सॉफ्टवेअरसाठी लागतात म्हणून सांगितलं होतं, ते अजून टोचतं.

मग त्याने युनिव्हर्सिटीचा लॉगिन मागितला, टर्निटिनचा (कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर) रिपोर्ट आधीच काढून देतो म्हणाला. मी दिला. सगळ्यात मोठी चूक ती.

चॅप्टर दहा दिवस उशिरा आला. त्यात लिहिलेलं की कर्ज फिटेना म्हणून चीनने ते माफ करून बंदर घेतलं. असं झालंच नाही हो! २०१७ मध्ये चायना मर्चंट्स पोर्ट या चिनी कंपनीने ९९ वर्षांच्या लीजपोटी ११२ कोटी डॉलर दिले, ते श्रीलंकेच्या परकीय गंगाजळीत गेले आणि चीनच्या एक्झिम बँकेचं कर्ज तसंच डोक्यावर राहिलं. मग याला डेट ट्रॅप, म्हणजे कर्जाचा सापळा, म्हणायचं का, हाच तर माझा प्रश्न होता. रेफरन्स तपासायला बसले तर जर्नल्स खरी, अभ्यासकांची नावं खरी, पण तसे लेखच कुठे नाहीत, डीओआय (लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक) टाकला की भलत्याच विषयाचा पेपर उघडतो.

मी नको म्हटलं, पैसे परत मागितले. त्याच रात्री त्याने आमच्या चॅटचे स्क्रीनशॉट आणि माझ्या स्टुडंट आयडीचा फोटो पाठवला, राहिलेले ३० आणि वर ४० टाका नाहीतर सकाळी डिपार्टमेंटला मेल जाईल, व्हिसा कॅन्सल. घाबरून २० पाठवले. दोन दिवसांनी परत मागणी.

शेवटी रडतच स्टुडंट्स युनियनच्या अ‍ॅडव्हाइस सेंटरला गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, २०२२ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये असलं काम विकणाराच गुन्हेगार आहे, तुझ्यावर युनिव्हर्सिटी कारवाई करू शकते, पण तू अजून काही सबमिट केलेलं नाहीस, त्याचं एक अक्षर वापरू नकोस आणि मॅडमना आजच सांग. सांगितलं. मॅडम खूप चिडल्या, पण दोन आठवड्यांचं एक्स्टेन्शन मिळालं आणि सगळं मी स्वतः लिहिलं. बाबांनी भारतातल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, तक्रार केली, पैसे अजून आलेले नाहीत.

कुणी यात अडकलं असेल तर पासवर्ड आत्ता बदला, चॅट डिलीट करू नका, एक रुपयाही पाठवू नका.

त्या ज्युनिअर मुलीला सॅम्पल म्हणून जो चॅप्टर पाठवलाय तो माझा हंबनटोटाचाच आहे, तीच कर्जमाफी आणि तेच खोटे रेफरन्स.