मातीचा श्वास मोजणारा बरणी-संच: सांडपाण्यावरच्या कुरणाला कितपत उपयोगी?

सांडपाणी दिलेल्या कुरणातल्या सूक्ष्मजीवांची हालचाल शेतावरच तपासण्यासाठी अल्कली-सापळ्याचे संच मिळतात: मातीतून श्वसनाने निघणारा कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक सोड्यात (अल्कलीत) अडकवायचा आणि उरलेला सोडा आम्लाने मोजायचा. त्यात हवाबंद बरण्या, छोट्या कुप्या, ०.५ नॉर्मल (द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) कॉस्टिक सोडा, तेवढ्याच तीव्रतेचं हायड्रोक्लोरिक आम्ल, बेरियम क्लोराइड, फिनॉल्फथॅलिन (सोड्यात गुलाबी होणारा रंगदर्शक) आणि एक सिरिंज असते. पद्धत जुनी, भरवशाची. पण सोबतच्या पत्रकात 'आकडा जास्त म्हणजे माती सुदृढ' असं छापलेलं असतं, आणि सांडपाण्याच्या जमिनीवर नेमकं तेच फसवतं.

वरची १० सेंमी माती घ्या, मुळं वेचून काढा (तुटलेली मुळंही कार्बन डायऑक्साइड सोडतात) आणि २ मिमी चाळणीतून चाळा. बरणीत ५० ग्रॅम माती, शेजारी कुपीत १० मिली कॉस्टिक सोडा. एक बरणी मातीशिवाय, तीच ब्लँक. ती वगळली तर निकाल फेकून द्यावा, कारण उघडा राहिलेला सोडा हवेतला वायू आधीच शोषून बसतो. २५ अंश तापमानात २४ तास ठेवल्यावर कुपीत बेरियम क्लोराइड घालायचं, मग गुलाबी रंग जाईपर्यंत आम्ल. ब्लँक आणि नमुन्याला लागलेल्या आम्लातला मिलीचा फरक गुणिले नॉर्मॅलिटी (आम्लाची तीव्रता, इथे ०.५) गुणिले ६, म्हणजे मिलिग्रॅम कार्बन.

संचातला सर्वांत कच्चा भाग सिरिंज. तिच्यावरच्या खुणा ०.२ मिलीच्या असतील, तर एका खुणेची चूक ०.६ मिलिग्रॅमची, म्हणजे किलोभर मातीमागे १२ मिलिग्रॅम. दोन वाफ्यांतला फरक बऱ्याचदा एवढाच असतो! ब्युरेट (बारीक खुणांची, तोटीची काचनळी) वेगळी घ्या, ०.०५ मिलीपर्यंत वाचता आलं तर हीच चूक ३ मिलिग्रॅमवर येते.

आता आकड्याचा अर्थ. दुग्धशाळेच्या किंवा खाद्यप्रक्रियेच्या सांडपाण्यात सहज कुजणारा कार्बन भरपूर असतो. पाणी दिल्यावर लगेच नमुना घेतला, तर ते खाद्य फस्त होताना दिसतं, मातीची मूळ क्षमता नव्हे. माती पूर्ण वाळवून भिजवली तरी श्वसन एकदम उसळतं. उलट चिखल असेल तर ऑक्सिजन आत पोचत नाही आणि आकडा पडतो. म्हणून वाफसा आल्यावरच नमुना घ्यावा, दरवेळी पाणी दिल्यापासून तेवढ्याच दिवसांनी, आणि शेजारच्या साध्या पाण्याच्या पट्ट्यातलाही सोबत घ्यावा. चुनखडीच्या जमिनीत कार्बोनेटमधूनही वायू निघू शकतो. तिथे हा संच जपूनच वापरावा.

याहून मोठी अडचण अशी की क्षारांनी किंवा जड धातूंनी बेजार झालेले सूक्ष्मजीव जगण्यासाठीच जास्त कार्बन जाळतात. थोडे त्रस्त आणि पुष्कळ सुखी, दोघांचा आकडा सारखा येऊ शकतो. ते वेगळं करायला सूक्ष्मजीवांच्या वस्तुमानातला कार्बन मोजावा लागतो, म्हणजे क्लोरोफॉर्मची प्रयोगशाळेतली पद्धत. शिवाय चाळणीच खरं दुखणं लपवते. सोडियमने मातीचे कण सुटे होतात, पावसाचं गोडं पाणी पडलं की वर पापुद्रा धरतो, जमीन चोपण होत जाते आणि हवा कोंडते. बरणीतल्या भुसभुशीत मातीत यातलं काहीच उमटत नाही. त्यामुळे पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप) आणि एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, त्याचं माप) तपासल्याशिवाय हा संच घेण्यात अर्थ नाही.

गवताकडे पाहून निर्णय घेणाऱ्यांसाठी एक हिशेब: लिटरला ४० मिलिग्रॅम नत्र असलेलं पाणी वर्षात ५०० मिमी दिलं, तर हेक्टरी २०० किलो नत्र पडतं. गवत हिरवंगार होणारच, माती बिघडत असली तरी. क्लोव्हर (कुरणातलं द्विदल चारा-पीक) मात्र मागे पडतो, कारण एवढ्या नत्रात त्याच्या मुळांवरच्या गाठींतलं हवेतल्या नत्राचं स्थिरीकरण मंदावतं आणि उंच गवत त्याला झाकतं. पालाश जास्त असेल तर गवतात मॅग्नेशियम कमी उतरतं, गायींना झटके येण्याचा धोका असतो.

वाढ मोजायला संचात काहीच नाही. ५० बाय ५० सेंमीची चौकट टाकून गवत जमिनीपासून ५ सेंमीवर कापा, ६५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. ग्रॅम गुणिले ४० म्हणजे हेक्टरी किलो. एका वाफ्यात किमान चार चौकटी, शेणाचे पो टाळून.

बेरियम क्लोराइड विषारी आहे. हातमोजे संचात नसतात, आणि उरलेलं द्रावण कुरणात ओतायचं नाही.